बडोद्यात राहून विज्ञान आणि संस्कृतीवर स्वतंत्रपणे लिहायचे असेल तर

विज्ञान आणि संस्कृतीवर लिहून, कुठेही नोकरी न करता घर चालवायचे असेल तर मुंबई किंवा पुणे गाठायला हवे, असे बडोद्यातली मराठी घरे आजही मुलांना सांगतात. मला ते पटत नाही. या कामाला भांडवल लागते ते विषयांचे, आणि आपल्या गावात ते रिक्षाच्या भाड्यात मिळते. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. प्रत्यक्ष लेखन हा या कामाचा लहान भाग आहे. पाहणे, विचारणे, तपासणे, पत्रे लिहिणे आणि पैशांचा पाठपुरावा करणे यातच बहुतेक वेळ जातो. ज्यांना यात रस आहे त्यांच्यासाठी पुढचे सगळे.

नोकरी असेल तर ती सांभाळूनच सुरुवात करा. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत राजीनामा देऊ नका. मानधन येते, पण ठरलेल्या तारखेला येत नाही, आणि घरभाडे मात्र ठरलेल्या तारखेलाच द्यावे लागते.

पहिली पायरी: आपली हद्द आखा

‘मी विज्ञानावर लिहिते’ असे सांगणाऱ्याला संपादक सहसा काम देत नाहीत. ‘मी विश्वामित्रीच्या मगरींवर लिहिते’ असे सांगितले तर नाव लक्षात राहते. म्हणून नवख्याने आधी दोन-तीन विषयांची हद्द आखावी आणि त्यात दोन-तीन वर्षे मुरावे. विषय असे निवडा, की त्यांत विज्ञानाचा प्रश्न आणि माणसांच्या जगण्याचा प्रश्न एकाच ठिकाणी भेटतील. तिथे लिहिणारे कमी आहेत. वैज्ञानिक मंदिरात जात नाहीत आणि संस्कृतीचे अभ्यासक प्रयोगशाळेत जात नाहीत. मधली ती जागा तुमची.

विश्वामित्रीच घ्या. भर शहरातून वाहणाऱ्या या नदीत वस्तीला लागून मगरी राहतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना संरक्षण आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी सोसायट्यांमध्ये शिरले, त्याबरोबर मगरीही अंगणात आल्या आणि सगळ्या वाहिन्यांवर तेच दिसू लागले. त्या दिवसांत लिहिणारे पुष्कळ होते. स्वतंत्र लेखकाने त्या गर्दीत शिरू नये. पूर ओसरल्यावरचे प्रश्न जास्त टिकाऊ असतात. मगरीची मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि अंड्यातून नर निघणार की मादी, हे घरट्यातल्या तापमानावर ठरते. मग काठ सिमेंटने बांधून काढला, सावलीची झाडे गेली, तर पुढच्या पिढीचे काय होईल? हा एक लेख. खोडियार मातेचे वाहन मगर आहे. मगर दिसली की हात जोडणारा आणि वन खात्याला फोन करणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. त्याच्या मनात या दोन गोष्टी शेजारी कशा नांदतात, हा दुसरा लेख. आजव्याचे सरोवर, तिथून नदीत उतरणारे पाणी आणि शहरात बुजत गेलेल्या पाणथळ जागा हा तिसरा. तिन्हींसाठी भेटायची माणसे वेगळी, पण नदी एकच. दुसऱ्या लेखाच्या वेळी निम्मी तयारी आधीच झालेली असते.

दुसरे उदाहरण राजवाड्यातले. लक्ष्मी विलासच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह म्युझियममध्ये राजा रविवर्म्यांची मूळ तैलचित्रे आहेत. त्यांच्या सौंदर्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. पण रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वती सामान्य घरांच्या भिंतींवर आल्या त्या छापील प्रतींमधून, आणि चित्रे अशी छापून घ्यावीत हे रविवर्म्यांना पत्राने सुचवले बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना उभा राहिला. चुनखडीच्या दगडावर तेलकट रेखाटन करायचे, दगड ओला करायचा आणि तेल-पाण्याच्या वैरावर शाई नेमकी हवी तिथेच धरून ठेवायची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. या एका छपाईत रसायनशास्त्र, व्यापार आणि देवघर तिन्ही येतात. असा विषय मिळाला की त्यावर घाई करू नये.

असे किती तरी आहे. कमाटीबागेतल्या १८९४ च्या म्युझियममध्ये मही नदीच्या मुखाशी लागलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. कीर्ती मंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत आणि भित्तिचित्र टिकवणे हे दमटपणाशी, क्षारांशी झुंजण्याचे शास्त्र आहे. उस्ताद मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेतून स्वरलेखनाचा इतिहास निघतो. बालासिनोरजवळच्या रैयोलीत डायनासोरची हाडे आणि अंडी सापडली, २००३ मध्ये तिथल्याच अवशेषांवरून एका डायनासोरला ‘राजासौरस नर्मदेन्सिस’ हे नाव दिले गेले. चांपानेरला २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि तिथली पाणी साठवण्याची व्यवस्था अजून पाहायला मिळते.

पहिल्या आठवड्याचा अभ्यास असा करा. अशा दहा गोष्टी स्वतःच्या वहीत लिहा. प्रत्येकीपुढे विज्ञानाचा एक प्रश्न, माणसांचा एक प्रश्न आणि दोन्हींबद्दल ज्याला माहिती असेल असा एक माणूस लिहा. तिन्ही रकाने भरले त्याच गोष्टी ठेवा. बाकीच्या सध्या सोडा.

दुसरी पायरी: वाचनाच्या जागा आणि वाचनाची पद्धत

मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी १९१० ची आहे. सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला लावले, त्याचे हे केंद्र. जुनी मराठी-गुजराती पुस्तके आणि संस्थानकाळातली प्रकाशने इथे चाळायला मिळतात. सभासद व्हा आणि आठवड्याचा एक दिवस इथे घालवा. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात बाहेरच्या वाचकाला काय सोय मिळते ते स्वतः जाऊन विचारा, फोनवर नीट कळत नाही. जुन्या ग्रंथांशी संबंध येणार असेल तर प्राच्यविद्या मंदिर विसरू नका, वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथेच सिद्ध झाली. राज्य अभिलेखागाराच्या बडोदे कार्यालयात संस्थानचे दप्तर आहे आणि त्यातला मोठा भाग मोडीत आहे. मोडी शिकलात तर गुजरातेतल्या फार थोड्या लेखकांना उघडता येणारे दार तुम्हाला उघडता येईल. मी तर प्रत्येक नव्या मराठी लेखकाला मोडीच्या वर्गाला जायला सांगते.

शोधनिबंध वाचणे ही वेगळी सवय आहे. सुरुवातीचा सारांश वाचून थांबू नका. आधी पाहा, की निबंध परीक्षकांकडून तपासून नियतकालिकात आला आहे की अजून नुसता सार्वजनिक ठिकाणी ठेवलेला कच्चा मसुदा आहे. मग पद्धतीचा भाग वाचा. किती नमुने घेतले, तुलनेसाठी दुसरा गट होता का, पाहणी किती काळ चालली. शेवटी पैसे कोणी दिले ते पाहा. टक्केवारी दिसली की तिच्यामागचे मूळ आकडे शोधा. एखादा आजार दहा हजारांत दोघांना होत होता आणि आता तिघांना होतो, तर वाढ ५० टक्के म्हणता येते. पण घाबरवणारे हे वाक्य मथळ्यात जाते आणि दहा हजारांत एक माणूस वाढला हे वाचकाला कळतच नाही. दोन्ही आकडे द्या. यंत्राकडून सारांश करून घेतलात तरी मूळ निबंधात स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यातले एकही वाक्य लेखात घेऊ नका.

मराठी शास्त्रीय शब्दांसाठी मराठी विश्वकोश आणि शासनाचे परिभाषा कोश आंतरजालावर मोफत आहेत. कोशातला शब्द वाचकाला अडखळवत असेल तर इंग्रजीतला रुळलेला शब्द देवनागरीत खुशाल लिहा. व्हायरस, बॅटरी, स्कॅन हे आता आपलेच आहेत.

तिसरी पायरी: माणसांकडे जाणे

बडोद्यातल्या लेखकाला एक सोय आहे. बहुतेक तज्ज्ञ एकाच गावात आहेत आणि मराठी-गुजराती-इंग्रजी तिन्ही भाषा इथल्या माणसाच्या तोंडी असतात. प्राध्यापकांना आधी छोटी ईमेल करा. तुम्ही कोण, लेख कशावर आहे, त्यांचा कोणता निबंध वाचला आणि किती वेळ हवा, एवढेच चार ओळींत. निबंध खरोखर वाचलेला आहे हे एका प्रश्नातून कळले की उत्तर येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. त्यांना ‘सर’, ‘मॅडम’ म्हणा. वन खात्यात ‘साहेब’ चालते. पोळीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीतल्या, कारागिराला किंवा नदीकाठच्या दुकानदाराला ‘काका’, ‘भाई’, ‘बेन’ म्हणून गुजरातीतच सुरुवात करा आणि पहिली दहा मिनिटे वही काढूच नका.

ध्वनिमुद्रण करण्याआधी परवानगी घ्या आणि ती मुद्रणातच ऐकू येऊ द्या. गुजरातीत दिलेले उत्तर मराठीत आणताना अवतरणचिन्हे जपून वापरा. बोलणाऱ्याचा एखादा शब्दप्रयोग महत्त्वाचा असेल तर तो गुजरातीतच ठेवा, बाकीचे आशयाने सांगा. संपूर्ण लेख मुलाखत दिलेल्या माणसाला दाखवायचा की नाही, यावर लेखकांमध्ये दोन मते आहेत. माझे मत असे, की लेख दाखवू नये, पण त्यांचे अवतरण आणि त्यांच्या शास्त्रातली तथ्ये फोनवर वाचून दाखवावीत. चूक निघाली तर ती छापण्याआधी निघते, आणि लेखाचा सूर कोणाच्या मर्जीवर जात नाही. धर्माच्या जागांबद्दल लिहिताना हे दुप्पट सांभाळा. पुजाऱ्याचे म्हणणे पुजाऱ्याचे म्हणून द्या आणि जीवशास्त्रज्ञाचे जीवशास्त्रज्ञाचे म्हणून. एकाने दुसऱ्याला खोटे पाडावे अशी मांडणी करण्याचा मोह होतो, तो टाळा. वाचक शहाणा असतो.

सरकारी कार्यालयातून आकडे मिळत नसतील तर माहितीचा अधिकार आहे. अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि केंद्राच्या कार्यालयांसाठी शुल्क १० रुपये आहे. अर्जात ‘सर्व माहिती द्या’ असे लिहू नका. कोणत्या वर्षांची, कोणत्या नोंदीची प्रत हवी ते नेमके लिहा.

चौथी पायरी: संपादकाला प्रस्ताव

पूर्ण लेख न मागता पाठवून वाट पाहत बसणे ही नवख्यांची नेहमीची पद्धत, आणि त्यात महिने वाया जातात. आधी प्रस्ताव पाठवा. तो दीडशे शब्दांपलीकडे जाऊ देऊ नका. नमुना देते:

‘नमस्कार. बडोद्याच्या विश्वामित्री नदीत मगरींच्या घरट्यांसाठी मऊ मातीचे काठ लागतात. शहरात काठ बांधण्याची कामे निघाली की या जागांचे काय होते, यावर १५०० शब्दांचा लेख लिहू इच्छिते. नदीकाठाची पाहणी, प्राणिशास्त्राच्या एका अभ्यासकाची आणि काठावर राहणाऱ्या दोन कुटुंबांची मुलाखत यांवर तो आधारलेला असेल. छायाचित्रे माझीच आहेत. लेख तीन आठवड्यांत देता येईल. याआधी लिहिलेल्या दोन लेखांच्या प्रती जोडल्या आहेत. मानधन आणि लेखाचे हक्क याबद्दल कळवावे.’

शेवटचे वाक्य लिहायला संकोच वाटतो, पण तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. दहा दिवसांत उत्तर नसेल तर एकदा आठवण करा, आणखी आठवड्याने तोच प्रस्ताव दुसरीकडे पाठवा आणि पहिल्या संपादकांना तसे कळवा. एकाच वेळी दोघांना पाठवू नका. मराठी संपादकांचे वर्तुळ लहान आहे.

दिवाळी अंकांचे गणित वेगळे. १९०९ पासून चालत आलेली ही परंपरा आहे आणि सविस्तर, चार-पाच हजार शब्दांचा लेख मराठीत अजून तिथेच लिहिता येतो. विषय बहुधा उन्हाळ्यात ठरतात. म्हणून प्रस्ताव एप्रिल-मेमध्ये पाठवा. गणपतीच्या सुमारास ‘लेख आहे’ म्हणून फोन केला तर उपयोग नसतो.

पाचवी पायरी: तपासणीचा तक्ता

लेख झाल्यावर एक कागद घ्या. लेखातले प्रत्येक नाव, सन, आकडा, अंतर आणि अवतरण ओळीने लिहा व पुढे ते कुठून घेतले ते लिहा. समोरची जागा रिकामी राहिली तर ते वाक्य काढा. हा तक्ता संपादकांनी मागितला नाही तरी जपून ठेवा, आक्षेप आला तर अर्ध्या तासात उत्तर देता येते. सनावळीत बडोद्याबाबत विशेष सावध राहा. एकाच वास्तूसाठी पायाभरणीचे, बांधून झाल्याचे आणि लोकांसाठी खुली झाल्याचे असे वेगवेगळे सन फिरत असतात. तुम्ही कोणता देता आहात ते वाक्यातच सांगा.

सहावी पायरी: पैसे आणि हक्क

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण चांगले लिहिणारे पुष्कळजण याच पायरीवर थकून हे काम सोडतात.

मानधन किती हे एकट्या आकड्याने ठरवू नका. लेखाला वाचनाचे दोन, मुलाखतींचे दोन, लेखनाचे दोन आणि तपासणीचा एक असे सात दिवस लागणार असतील तर प्रवासखर्च वजा करून मानधनाला सातने भागा. येईल ती तुमची दिवसाची मजुरी. ती परवडत नसेल आणि तरी लेख लिहावासा वाटत असेल तर जरूर लिहा, पण तो नावासाठी लिहिता आहात हे स्वतःला माहीत हवे. वर्षात अशा लेखांची संख्या आधीच ठरवा. घर चालते ते बहुधा दुसऱ्या कामांवर: प्रदर्शनाच्या पाट्या आणि माहितीपुस्तिका, शैक्षणिक मजकूर, ध्वनिफितींच्या संहिता, गुजराती किंवा इंग्रजीतून मराठी अनुवाद. हे काम कमी दर्जाचे नाही. म्युझियममधली साठ शब्दांची पाटी लिहिणे लेखाहून अवघड असते आणि ती वाचणारी शाळेची मुले लेखाच्या वाचकांहून जास्त असतात. संस्थेचे काम असेल तर निम्मी रक्कम आधी मागा.

हक्कांबद्दल १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूचा आहे. तुम्ही नोकरीत नसाल तर लेखाचे पहिले मालक तुम्हीच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच देता येतात. लेखी करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. त्यामुळे ‘सर्व हक्क आमच्याकडे’ अशी ओळ आली की विचारा: कशासाठी, किती वर्षे, कोणत्या भाषेत? प्रथम प्रकाशनाचा हक्क त्यांना द्या. अनुवाद, पुस्तक आणि ध्वनिरूप हे हक्क स्वतःकडे ठेवण्याचा आग्रह धरा. मगरींवरचा मराठी लेख उद्या गुजरातीत जाऊ शकतो, परवा तुमच्या पुस्तकात. चित्रांचे हक्क वेगळे असतात. म्युझियममधल्या चित्राचा फोटो तुम्ही काढला तरी तो छापण्यासाठी म्युझियमची लेखी परवानगी घ्या.

लेख स्वीकारल्याच्या दिवशी, छापून येण्याची वाट न पाहता, बिल पाठवा. त्यात क्रमांक, तारीख, लेखाचे नाव, शब्दसंख्या, रक्कम, पॅन आणि बँकेचा तपशील असावा. एका संस्थेकडून आर्थिक वर्षात ५०,००० रुपयांवर व्यावसायिक शुल्क गेले की बहुतेक संस्था १० टक्के कर कापून उरलेली रक्कम देतात. ती कपात तुमच्या पॅनवर जमा झाली का ते प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर पाहत राहा. विवरणपत्र भरताना ती वजा होते किंवा परत मिळते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेतोवर देशातल्या कामासाठी जीएसटी नोंदणीची सहसा गरज पडत नाही.

थकबाकीसाठी फार थोड्या लेखकांना माहीत असलेला एक उपाय आहे. एकट्याने सेवा देणारा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी करू शकतो. ती सरकारी संकेतस्थळावर होते आणि मोफत आहे. नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवा. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज लागते आणि तक्रार थेट सरकारी परिषदेकडे नोंदवता येते. बहुतेकदा तिथवर जावे लागत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला तरी हिशेब विभागाचा सूर बदलतो. लहान, पदरचे पैसे घालून चालणाऱ्या अंकाशी मात्र असे वागू नका. त्यांच्याशी आधीच मोकळेपणाने बोला आणि जमत असेल तेवढेच ठरवा.

वर्षाची घडी

हे काम हंगामाप्रमाणे चालते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाहेर फिरायचे: चांपानेर, रैयोली, नदीकाठ. मार्चमध्ये हिशेब आणि थकबाकी. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी बाहेर पडवत नाही, तेव्हा ग्रंथालय आणि दिवाळी अंकांचे प्रस्ताव. जून ते ऑगस्ट मोठे लेखन. नवरात्रात बडोद्यात कोणाची मुलाखत ठरवू नका. रात्रभर गरबा, सकाळी कोणी फोन उचलत नाही. त्या नऊ दिवसांत जुन्या लेखांची वही काढा आणि कोणत्या लेखाचे कोणते हक्क मोकळे झाले आहेत, कोणता लेख आता दुसऱ्या भाषेत देता येईल, याची यादी करून ठेवा. दिवाळीनंतर संपादकांची कार्यालये उघडली की पहिली पत्रे त्याच यादीवरून जातात.